मालकच धुरकरी

शंकरपटाच्या हंगामात आमच्या देवळी-पुलगावच्या मुलखात जी बैलजोडी नावारूपास येते, तिच्या मालकाचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुनःपुन्हा पुकारले जाते, बक्षिसाची ढाल त्याच्याच दिवाणखान्यात विराजमान होते, आणि पुढचा पट भरेपर्यंत पंचक्रोशीत त्याच्या मिशीचा पीळ काही उतरत नाही. परंतु ज्या माणसाने त्या जोडीमागे, बसावयास धड फळीही नसलेल्या छकड्यावर अंग चोरून, कासरे मुठीत आवळून, खुरांनी उडविलेली माती डोळ्यांत जात असता ती उधळलेली जनावरे सरळ रेषेत पळविली, त्या धुरकऱ्याचे नाव मात्र शेजारच्या प्रेक्षकास विचारावे लागते, आणि त्यालाही ते बहुधा ठाऊक नसते. मालगुजारीच्या अमदानीपासून ही वाटणी अशीच चालत आली आहे. खर्च मालकाचा, मान मालकाचा, आणि हाडे मोडण्याची जोखीम तेवढी धुरकऱ्याची. मध्यंतरी, २०१४ साली, सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पट बंद पडले, पुढे ते पुन्हा सुरू झाले, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तबही केले. या सगळ्या घालमेलीत बैलांच्या हालअपेष्टांविषयी पुष्कळ आणि योग्य ती चर्चा झाली, पण धुरकऱ्याविषयी कोणी चकार शब्द काढल्याचे माझ्या वाचनात नाही.

श्रीमंतांचे बहुतेक षौक याच जातीचे असतात. घोडा आपला, पण रिकिबीत पाय जॉकीचा. नौका आपली, पण सुकाणू तांडेलाच्या हाती. इतकेच काय, लाखो रुपये ओतून आणलेल्या मोटारीचे चक्रही पगारी माणसाच्या स्वाधीन करून मालक मागच्या आसनावर वर्तमानपत्र उघडतो. खाजगी विमानांच्या मालकांतही अशांचीच बहुसंख्या आहे, आणि त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे काही असेल असे मला वाटत नाही. विमान हे त्यांच्या लेखी उंचावरून धावणारे मोटारीचे मागचे आसनच. परंतु या वर्गात एक लहानसा, काहीसा विक्षिप्त असा पोटवर्ग आहे, ज्याला विमान बाळगण्याचा नव्हे तर ते स्वतःच्या हातांनी हाकण्याचा ध्यास लागलेला असतो. मालक असून जो धुरकऱ्याच्या जागी जाऊन बसतो, त्या माणसाविषयी मला फार दिवसांपासून कुतूहल आहे.

यावर कोणी म्हणेल की सेवाग्राम जिथून हाकेच्या अंतरावर आहे, त्या देवळीत बसून धनिकांच्या विमानांची वर्णने लिहिणे हे औचित्यास सोडून आहे. ज्या महात्म्याने शेजारच्या झोपडीत राहून देशाचा कारभार हलविला, तो १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेला तो ‘राजपुताना’ बोटीने, डेकवर सूत कातीत. आक्षेप खरा आहे आणि तो मी शिरोधार्य मानतो. तथापि माझी वकिली अशी की या विषयाचा धागा आमच्या कापसातूनच निघतो. देवळीवरून जो रस्ता यवतमाळकडे जातो, त्याच्या दुसऱ्या टोकास लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडचा डेनिम कापडाचा कारखाना आहे. आणि त्या रेमंडची सूत्रे ज्यांच्या हाती दीर्घकाळ होती, ते विजयपत सिंघानिया हे आपल्या राज्यातील या विक्षिप्त पोटवर्गाचे सर्वांत ठळक उदाहरण होय.

सिंघानिया यांचा जन्म १९३८ सालचा, कानपूरच्या प्रख्यात उद्योगघराण्यातला. असा गृहस्थ विमानाच्या नादी लागला तर सामान्यतः काय घडावे? एखादे आलिशान जेट यावे, त्यात मऊ गालिचे अंथरले जावेत, आणि छायाचित्र निघावे. पण १९८८ साली, वयाच्या पन्नाशीत, हे गृहस्थ इंग्लंडहून भारताकडे निघाले ते मायक्रोलाइट विमानात. ज्यांनी हे यान पाहिलेले नाही त्यांना सांगावयाचे तर माणूस, इंधन आणि सामान धरूनही ज्याचे वजन एखाद्या लहान मोटारीपेक्षा कमी भरेल, असा तो एक हलका सांगाडा असतो. त्याचे इंजिन दुचाकीच्या इंजिनाच्या कुळातले, वेग रुळांवरच्या एखाद्या बऱ्या गाडीइतका, आणि समोरून वारा जोराचा आला की खालच्या रस्त्यावरच्या मोटारी पुढे निघून जाताना वैमानिकाने निमूटपणे पाहावे अशी अवस्था. भूमध्य समुद्र, अरबस्तानचे वाळवंट, आखाताचे पाणी असे मजल दरमजल करीत ते तेवीस दिवसांत भारतात पोहोचले. पुढे १९९४ साली जगाला प्रदक्षिणा घालणाऱ्या विमानशर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळविले, तेही पाठीमागे बसून नव्हे.

मला मात्र या सगळ्यापेक्षा त्यांचे २००५ सालचे उड्डाण अधिक विचार करावयास लावते, कारण त्यात विमानही नव्हते. २६ नोव्हेंबर २००५ च्या सकाळी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, मुंबईच्या ऐन वस्तीतून ते उष्ण हवेच्या फुग्यात बसून वर गेले आणि एकवीस हजार मीटरांवर पोहोचले. म्हणजे एव्हरेस्टची उंची दुप्पट करून त्यावर आणखी तीन हजार मीटर घालावेत इतके उंच. तत्पूर्वीचा विक्रम पेर लिंडस्ट्रँड यांनी १९८८ साली टेक्सासमध्ये केला होता, तो बाराशेहून अधिक मीटरांनी मागे पडला. आता या उंचीवर काय असते याचा वाचकांनी क्षणभर विचार करावा. हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या सुमारे विसाव्या हिश्श्यावर आलेला असतो. इतक्या विरळ दाबात पाणी माणसाच्या अंगच्या उष्णतेनेच उकळू लागते, आणि त्यामुळे उघड्या टोपलीत उभे राहून हात हालविण्याचा प्रश्नच उरत नाही. माणसाला हवा कोंडलेल्या बंद कुपीत बसावे लागते. बाहेरची थंडी शून्याखाली साठ-सत्तर अंशांची. त्यातही गमतीची, किंबहुना भयाची गोष्ट ही की फुगा वर नेतो तो अग्नी, आणि अग्नीला जगावयास हवा लागते, तीच तिथे नाही. म्हणजे ज्याच्या आधाराने चढावयाचे त्याचाच प्राण प्रत्येक हजार मीटरांगणिक क्षीण होत जाणार. हे सारे ठाऊक असून एक सदुसष्ट वर्षांचा कापडगिरणीवाला त्या कुपीत शिरला, आणि काही तासांनी नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातील पांचाळे गावाच्या शिवारात उतरला.

त्यांच्या उत्तरायुष्यातील घरगुती कलहाचे जे वृत्तांत पुढे छापून आले, त्यांत मला रस नाही. मला रस आहे तो कागदपत्रांत. कारण आकाशाचा हा षौक असा चमत्कारिक आहे की तो पैशाने सुरू होतो खरा, पण पुरा होतो तो परवान्याने. जमीन विकत घेता येते, घोडा विकत घेता येतो, विमानही विकत घेता येते. पण ते हाकण्याचा अधिकार विकत मिळत नाही. त्यासाठी कोट्यधीशालाही वर्गात बसून हवामानशास्त्र शिकावे लागते, लेखी परीक्षा द्यावी लागते, सरकारमान्य डॉक्टरासमोर छाती ठोकून घ्यावी लागते, आपल्याहून निम्म्या वयाच्या शिक्षकाची बोलणी खावी लागतात, प्रत्येक उड्डाणाची नोंद दप्तरी रुजू करावी लागते, आणि ठरल्या मुदतीत फेरतपासणी चुकली तर परवाना कागदाच्या तुकड्याच्या मोलाचा होऊन बसतो. यंत्र तयार आहे असा दाखला जोवर तंत्रज्ञ सहीनिशी देत नाही, तोवर मालकाने आपल्याच मालकीच्या यंत्रास हात लावावयाचा नाही. फेरफाराच्या नोंदीसाठी तलाठ्याच्या दारी उभा असलेला आमचा शेतकरी आणि हा धनिक यांच्यात या एका बाबतीत तरी मला विशेष अंतर दिसत नाही. फरक असलाच तर इतकाच की शेतकरी नाइलाजाने उभा असतो आणि हा आपखुषीने.

या परवान्याचा आपल्या देशातील पहिला अंकही मुंबईतच लिहिला गेला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांना जो वैमानिकीचा परवाना मिळाला, त्यावरचा क्रमांक एक होता. जन्म पॅरिसचा, आई फ्रेंच, आणि बालपणीच्या सुट्ट्या उत्तर फ्रान्समधील आर्देलो या समुद्रकाठच्या गावी गेल्या, जिथे शेजार होता तो इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणाऱ्या लुई ब्लेरियो यांच्या कुटुंबाचा. तेव्हा या मुलाच्या मनात विमान केव्हा शिरले हे शोधण्याचे कारण नाही. परवाना मिळाल्यानंतर लवकरच आगाखानांनी पाचशे पौंडांचे बक्षीस जाहीर केले: इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने, महिनाभराच्या आत, जो हिंदी वैमानिक प्रथम कापील त्याला. परवान्याच्या पुढच्या वर्षी टाटा कराचीहून लंडनच्या दिशेने निघाले, आणि ॲस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून कराचीच्या दिशेने. इजिप्तमध्ये अबुकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली, तेव्हा ॲस्पी स्पार्क प्लगांवाचून अडकून पडला होता. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्यास काढून दिले, दोघे आपापल्या दिशेने उडाले, आणि ॲस्पी काही तासांच्या फरकाने जिंकला. हाच मुलगा पुढे १९६० साली हिंदी वायुदलाचा प्रमुख झाला. उदार मनाची म्हणून ही गोष्ट नेहमी सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण मला तीत दुसरे काही दिसते. मागच्या आसनावरचा मालक असता तर प्लग कोठे असतात हेच त्याला ठाऊक नसते.

त्यानंतर दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, टाटांनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून विलायतेचे टपाल घेऊन एक इंजिनाचे पस मॉथ विमान उडविले आणि अहमदाबादेस थांबून ते मुंबईच्या जुहूला उतरविले. तेथून पुढे बल्लारी आणि मद्रासपर्यंत ते विमान त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेले. सरकारने आर्थिक साह्य देण्याची तजवीज केलेली नव्हती. रेडिओ नव्हता, जुहूच्या मैदानास पावसाळ्यात तळ्याचे रूप येई आणि मग साऱ्या कारभाराचा मुक्काम पुण्यास हलवावा लागे. त्या पहिल्या फेरीत अहमदाबादेस इंधन आले ते पत्र्याच्या डब्यांतून, बैलगाडीवर लादून. टाटांच्या या पहिल्या हवाई टपालास बैलांनी पेट्रोल पाजले, ही गोष्ट शंकरपटाच्या समालोचकांनी अवश्य टिपून ठेवावी.

टाटांचे पुढचे वैभव सर्वांना ठाऊक आहे. पदरी चाकरीस शेकडो वैमानिक असलेल्या कंपनीचा अध्यक्ष झाल्यावर तरी मालकाने मागच्या आसनावर सुखाने बसावे की नाही? ते बसत, पण बसल्याबसल्या पडद्यांची, खुर्च्यांची, चहाच्या आणि कॉफीच्या एकसारख्या रंगाची टिपणे काढीत, आणि ती संबंधितांच्या मेजावर जाऊन पडत. १९६२ साली त्यांनी ते जुने कराची-मुंबई उड्डाण पुन्हा करून दाखविले, आणि १९८२ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, लेपर्ड मॉथ या तशाच जुन्या विमानातून, तिसऱ्यांदा. या वयाच्या माणसास आमच्याकडे बैलगाडीचा कासराही कोणी हाती देत नाही.

टाटांचा आणि आमच्या प्रदेशाचा एक संबंध मात्र विरोधाचा आहे. स्वातंत्र्यानंतर दळणवळण खात्याचे मंत्री रफी अहमद किडवाई यांनी रात्रीच्या हवाई टपालाची योजना काढली आणि १९४९ च्या जानेवारीत ती सुरूही झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री चार डाकोटा विमाने निघावयाची, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यावयाची, थैल्यांची अदलाबदल व्हावयाची, आणि उजाडण्याच्या सुमारास ज्याने त्याने आपल्या गावी परतावयाचे. देशाच्या मध्यभागी असण्याचा नागपूरला जो काही थोडाफार लाभ आजवर झाला, त्यात हा अग्रगण्य म्हटला पाहिजे. मुंबई आणि नागपूर यांच्यामध्ये सरळ रेघ ओढली तर ती आमच्या वर्धा जिल्ह्यावरून जाते. टाटांचा आक्षेप असा की रात्रीच्या उड्डाणास लागणारी साधने आपल्या विमानतळांवर पुरेशी नाहीत. मंत्र्यांनी तो मानला नाही, योजना चालली आणि पुष्कळ वर्षे चालली. त्या वादात किडवाई जिंकले असे म्हणावयास हरकत नाही. तरीही अंधारात उतरणे म्हणजे काय हे ज्याने स्वतः चाक धरून अनुभवले आहे त्याचा आक्षेप, आणि दप्तरात बसून खर्चाचे आकडे मांडणाऱ्याचा आक्षेप, हे एका तराजूत तोलावयाचे नसतात.

विमाने गोळा करणाऱ्या नामवंतांत जगात आज ज्याचे नाव प्रथम घेतले जाते तो अमेरिकन नट जॉन ट्रॅव्होल्टा. फ्लोरिडातील ओकाला गावाजवळच्या त्याच्या घरास धावपट्टी लागून आहे, आणि आपल्याकडे वाड्यापुढे गाडी सोडतात तशी त्याची विमाने दारापुढे उभी असत. त्यांत एक चक्क बोइंग ७०७ होते, १९६४ साली ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीसाठी बांधलेले. ते घेऊन त्याने त्यावर त्या कंपनीचे जुने रंग पुन्हा चढविले आणि त्यास आपल्या मुलांची नावे दिली. नटाचा संग्रह म्हणून मी हे सारे प्रथम तुच्छतेनेच वाचले असते, जर तो ते विमान स्वतः उडवीत नसता. मोठ्या जातीच्या प्रत्येक विमानासाठी स्वतंत्र प्रशिक्षण आणि स्वतंत्र परीक्षा असते, आणि तिथे परीक्षकावर अभिनयाचा प्रभाव पडत नाही. २०१७ साली हे विमान त्याने ऑस्ट्रेलियातील एका विमान-संग्रहालयास देऊ केले. पण दिलेले दानही लगेच जागचे हलेना, कारण इतक्या जुन्या विमानास महासागर ओलांडण्याजोगे करून त्याचा दाखला मिळविणे हे दानपत्रावर सही करण्याहून कितीतरी कठीण ठरले.

परंतु परवान्याचे खरे महाभारत पाहावयाचे तर मुंबईत कांदिवलीच्या चारकोपात यावे. कॅप्टन अमोल यादव हे व्यवसायाने प्रवासी विमानांचे वैमानिक, म्हणजे मूळचे धुरकरी. मालक होण्याची इच्छा त्यांना झाली तेव्हा त्यांनी विमान विकत घेण्याऐवजी ते राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधावयास घेतले. सहा आसनांचे विमान, मजले चढवून नेलेल्या एकेका भागाने जुळविलेले, आणि आधीचे दोन प्रयत्न हातचे गेल्यानंतर आरंभिलेले. शेवटी ते सुटे करून यारीने खाली उतरवावे लागले, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. विमान तयार होते, पण ते विमान आहे हे सरकारदप्तरी मान्य व्हावयाचे होते. एका माणसाने घरी बांधलेले विमान कोणत्या सदरात नोंदवावे याचा खल होण्यात वर्षे गेली, आणि नोंदणीचा दाखला हाती आला तो नोव्हेंबर २०१७ मध्ये. पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर ते उडालेही. सिंघानियांच्या फुग्याहून मला ही गच्ची अधिक मोठी वाटते, हे मी येथे पक्षपाताने नमूद करून ठेवतो. अर्थात नियम हवेतच. आमच्या डोक्यावरून काय उडते आणि ते कोणी तपासले आहे, याची खातरजमा कोणीतरी केलीच पाहिजे. तक्रार नियमांची नाही, अर्ज टेबलावर पडून राहण्याची आहे, आणि ती करण्यास विमान बांधलेच पाहिजे असे नाही. साधा विहिरीचा अर्ज पुरतो.

आमच्या देवळीस आगगाडी लाभली ती २०२४ साली, वर्धा-कळंब मार्ग खुला झाला तेव्हा. त्यामुळे विमानाविषयी आमच्याकडचे कुतूहल अजून ताजे आहे. गेल्या पंधरवड्यात आमच्या आळीतील एक कापूस-उत्पादक आपल्या बारावी विज्ञान झालेल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. नागपूरला फ्लाइंग क्लब आहे, विभागीय आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात, इतकी माहिती मुलाने काढलेली होती. गणित आणि भौतिकशास्त्र त्याचे आहेतच, आणि व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण पदरी लागते हेही त्याला पाठ होते. बापाने एका तासाचा दर विचारला, मुलाने सांगितला. बापाने मनाशी गुणाकार केला, मग सरकीचा भाव, मग वावराचा, आणि मला म्हणाले, “भाऊ, विमान नाही मागत तो, नुसतं हाकाचंच म्हणते, त्याले एवढे पैसे लागतेत काय?” मुलगा शेजारी वैद्यकीय तपासणीचा नमुना-अर्ज भरीत होता, आणि रंग ओळखण्याच्या चाचणीसाठी नागपूरला केव्हा जावे लागेल, हे त्याला त्याच दिवशी हवे होते.